जहाज धरून ठेवते ती साखळी

सोलापूरहून मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर. तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, सांगोल्याच्या डाळिंब पॅकहाउसमध्ये किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या ऑफिसात निर्यातीचं काम पाहणारा माणूस दिवसातून दोन-तीनदा मोबाइलवर समुद्र बघतो. कंटेनर न्हावा शेवाला पोहोचलेला असतो, जहाजाचं नाव कळलेलं असतं. ते ट्रॅकिंग अ‍ॅपमध्ये टाकलं की मुंबईसमोर ठिपक्यांचा झुबका दिसतो आणि आपल्या ठिपक्यावर लिहिलेलं असतं, ‘अ‍ॅट अँकर’. मग एजंटला फोन जातो: “साहेब, जहाज येऊन थांबलंय, आत का घेईनात?”

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. धक्का रिकामा नसतो, पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, मिळायचा असतो, भरती यायची असते. पण पन्नास हजार टनांचं धूड वाऱ्यात आणि ओहोटीच्या ओढीत एका जागी थांबतं कसं, हा प्रश्न त्याहून जास्त रंजक आहे. बंदरातले नांगर टाकण्याचे बहुतेक नियमही त्याच्याच उत्तरातून आलेले आहेत.

सर्वसाधारण समज असा, की नांगर तळाच्या खडकात अडकतो आणि जहाज त्याला लटकून राहतं. उलट खडकाळ तळ कप्तान शक्यतो टाळतात. नांगर तिथे घसरतो, नाहीतर असा अडकतो की वर येत नाही. हवा असतो चिखल, चिकणमाती किंवा वाळू. जहाजाच्या नांगराचे दोन पंजे बिजागरीवर फिरतात. दांडा तळावर आडवा ओढला गेला की पंजे खाली वळून मातीत शिरतात आणि जितकं ओढावं तितके खोल जातात. यातली अट आहे ‘आडवा’. दांडा काही अंशांनी जरी वर उचलला गेला, तरी पकड झपाट्याने घटते आणि नांगर माती उकरत मागे येऊ लागतो. जहाजाचं नाक पाण्याच्या वर आणि नांगर तळाशी, तरी ओढ आडवी कशी राहणार? ते काम साखळीचं.

साखरेची पोती नेणारं साधारण १९० मीटर लांबीचं मालवाहू जहाज घेऊ. त्याच्या साखळीच्या कडीची जाडी ७६ मिलिमीटर धरली, तर अशी साखळी मीटरला सुमारे १२६ किलो भरते, पाण्यात सुमारे ११०. साखळी मोजतात ‘शॅकल’मध्ये. एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर, वजन जवळपास साडेतीन टन. सहा शॅकल सोडले की २१ टन लोखंड बाहेर जातं. नांगर स्वतः सहा-सात टनांचा असतो. म्हणजे वजनाचा मुख्य भाग साखळीचा, आणि हे वजन कामाला लागतं. साखळी जहाजापासून झोल घेत खाली उतरते आणि शेवटचा बराचसा भाग तळावर सपाट पडून राहतो. वारा वाढला की जहाज मागे सरकतं आणि पडलेली साखळी थोडी थोडी उचलली जाते. ती उचलण्यात वाऱ्याचा जोर खर्च होतो, लाटेचा धक्का नांगरापर्यंत जात नाही. वारा पडला की साखळी पुन्हा खाली बसते आणि जहाजाला पुढे ओढून आणते.

आता थोडं गणित. साखळी जहाजातून जिथे बाहेर पडते तिथून तळापर्यंतचं अंतर २५ मीटर धरू. चार शॅकल, म्हणजे ११० मीटर सोडली, तर सुमारे २५ टन जोर लागेपर्यंत नांगराजवळची साखळी आडवी राहते. त्यापुढे दांडा उचलला जायला लागतो. सहा शॅकल सोडले तर ही मर्यादा जाते ५८ टनांवर. आठ शॅकल सोडले तर १०५ टनांवर! लांबी दुप्पट केली की मर्यादा चौपटीच्याही वर जाते. म्हणून वारा वाढताना अनुभवी कप्तानाचा पहिला विचार दुसऱ्या नांगराचा नसतो, आणखी साखळी सोडण्याचा असतो. अर्थात पंज्यांनी तेवढा जोर सोसला पाहिजे. तळच मऊ असेल, तर लांब साखळीही फार काही करू शकत नाही.

याच हिशेबात भरती-ओहोटी येते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. वर धरलेले २५ मीटर भरतीला ३० झाले की सहा शॅकलची ५८ टनांची मर्यादा ४८ वर येते, आणि वाऱ्याने काहीच केलेलं नसतं. म्हणून साखळी किती सोडायची ते भरतीच्या पाण्यावर ठरवायचं आणि तळ लागणार नाही ना, ते ओहोटीच्या पाण्यावर बघायचं. दोन्ही हिशेब नांगर टाकण्याआधी कागदावर झालेले हवेत.

साखळी लांब सोडली की पकड मिळते, पण जागा जास्त लागते. नांगरलेलं जहाज खुंट्याला लांब दाव्याने बांधलेल्या गाईसारखं गोल फिरतं. आपल्या जहाजाची लांबी १९० मीटर, अधिक दीडशेच्या वर साखळी, म्हणजे त्रिज्या जवळपास ३५० मीटर. क्षेत्रफळ काढलं तर एका जहाजाला जवळपास ९५ एकर समुद्र लागतो. त्या ९५ एकरांत दुसरं जहाज नको, उथळ जागा नको, बुडालेल्या जुन्या जहाजाचे अवशेष नकोत. तरीही शेजाऱ्याशी वाद व्हायची एक वेळ असते, ती म्हणजे पाणी उलटण्याची. भरती थांबून ओहोटी सुरू होताना मालाने भरलेलं, खोल बुडालेलं जहाज पाण्याच्या ओढीने वळतं. रिकामं जहाज पाण्यावर उंच असतं, ते वाऱ्याचं ऐकतं. शेजारची दोन जहाजं मग वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभी राहतात आणि कागदावर पुरेसं दिसलेलं अंतर एकदम कमी होतं.

सोलापुरात बसून हे अ‍ॅपवर बघता येतं. ठिपक्याचा दिवसभराचा माग काढला तर नांगरलेल्या जहाजाची कमान दिसते, अर्धी भरतीची, अर्धी ओहोटीची. एक सूचना मात्र: ‘अ‍ॅट अँकर’ ही नोंद जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो आणि निघताना ती बदलायला कधी कधी विसरतो. म्हणून त्या शब्दांपेक्षा शेजारी दाखवलेल्या वेगावर विश्वास ठेवावा.

बंदराच्या हद्दीत नांगर कुठे टाकायचा हे कप्तानाच्या मर्जीवर नसतं. बंदराचा वाहतूक नियंत्रण कक्ष रेडिओवर जागा नेमून देतो. नांगर टाकण्याच्या या जागा सागरी नकाशावर छापलेल्या असतात. तेलवाहू जहाजं वेगळी, स्फोटकं असलेली वेगळी, आजारी माणसं असलेलं जहाज अलग. भारतात ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षं १९०८ च्या बंदर कायद्यावर चालली. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत अरुंद मार्गात आणि जहाजांच्या येण्या-जाण्याच्या आखलेल्या पट्ट्यांत शक्यतो नांगर टाकू नये, असं सांगितलं आहे. आणि समुद्रतळावर केबल किंवा पाइपलाइन असेल तिथे नांगराला सक्त मनाई. मुंबईच्या समुद्रात दोन्ही आहेत. बॉम्बे हायचं तेल आणि वायू उरणला आणणाऱ्या नळ्या आहेत, आणि देशाचं इंटरनेट जगाशी जोडणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्र लागलेलं ‘रुबीमार’ हे जहाज नांगर फरफटत वाहत गेलं आणि त्याच सुमाराला तिथल्या तीन केबल तुटल्या. बहुधा त्या नांगरानेच त्या तोडल्या.

प्रत्यक्ष नांगर टाकणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. जहाज वाऱ्यात किंवा प्रवाहात तोंड करून येतं, जवळजवळ थांबतं आणि अगदी हळू मागे सरकू लागलं की नांगर सोडतात. पुढे जात असताना सोडला तर साखळी जहाजाच्या बुडाखाली घासत जाते. जागीच उभं राहून सोडला तर ती तळावर ढीग होऊन पडते आणि पंज्यांना गुंडाळते. पाणी खोल असेल तर नांगर मोकळा सोडतच नाहीत, विंडलासच्या, म्हणजे साखळी ओढणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राच्या, मोटरने हळूहळू खाली नेतात, कारण साखळी जितकी बाहेर जाते तितकं तिचं वजन आणि वेग वाढत जातो आणि ब्रेकला तिला आवरता येत नाही. जहाजाच्या नाकावर उभा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ब्रेकच्या चाकाशी असतो. सोबतचा अधिकारी साखळी कुठल्या दिशेला ताणली आहे ते ब्रिजला, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीला, सांगत राहतो. गंज आणि वाळलेला चिखल गोळ्यांसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा आणि साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. नांगर धरला याची खूण अशी: साखळी आधी ताठ होते, मग सैल पडते आणि जहाज तिच्याकडे हळूच पुढे येतं. नंतर साखळीला स्टॉपर, म्हणजे तिची कडी अडवून धरणारा अडसर, लावतात. तिचा भार ब्रेकवर ठेवून झोपी जाणं हा निव्वळ आळस आहे, माझ्या मते गुन्हाच.

आता इतरांना कळलं पाहिजे की हे जहाज हलू शकत नाही. दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा टांगतात. रात्री पुढे एक पांढरा दिवा आणि मागे त्याहून खाली दुसरा, दोन्ही चारही दिशांनी दिसणारे. जहाज १०० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर डेकवरचे दिवेही लावून ठेवावे लागतात. जुहूच्या वाळूवरून रात्री क्षितिजावर दिसणाऱ्या दिव्यांच्या माळांत हा नियमही असतो. धुक्यात दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची, आणि १०० मीटरच्या वरच्या जहाजाने मागच्या बाजूला घंटेनंतर लगेच थाळाही.

नांगर टाकला म्हणजे ब्रिज रिकामा करायचा, असं चालत नाही. अधिकारी पहाऱ्यावर असतो. जीपीएसवर वर्तुळ आखून जहाज बाहेर गेलं तर गजर वाजेल अशी सोय करतात, किनाऱ्यावरच्या खुणांचे कोन तपासतात. जुने खलाशी साखळीवर हात ठेवून बघतात, कारण नांगर सरकत असेल तर साखळी थरथरते. आणखी एक लक्षण मला फार आवडतं. नीट नांगरलेलं जहाज वाऱ्यात डावी-उजवीकडे झोके घेतं. नांगर सुटला की झोके थांबतात आणि जहाज एकच कूस वाऱ्याला देऊन शांत उभं राहतं. नवख्याला त्या शांतपणाचा दिलासा वाटतो, आणि तोवर ते मागे निघालेलं असतं.

वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ४५ किलोमीटरचा वारा समोरच्या दर चौरस मीटरला साधारण १० किलोने ढकलतो, ९०चा जवळपास ४० किलोने. जहाजांची तपासणी आणि वर्गीकरण करणाऱ्या संस्थांचे नांगराबाबतचे नियम याच ९०च्या (सेकंदाला २५ मीटर) वाऱ्यावर आणि सेकंदाला अडीच मीटरच्या प्रवाहावर बेतलेले आहेत. आणि त्यातच स्पष्ट लिहिलं आहे, की ही सामग्री बंदरात किंवा आडोशाच्या पाण्यात तात्पुरतं थांबण्यासाठी आहे, उघड्या किनाऱ्यासमोर वादळ सोसण्यासाठी नाही. चालत्या जहाजाला थांबवण्यासाठी तर नाहीच.

तरीही थांबून राहण्याचा मोह होतो. जून २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल या कोळशाच्या बंदराबाहेर पन्नासहून अधिक जहाजं रांगेत नांगरली होती. वादळाचा इशारा आला, काही जहाजं खोल समुद्रात निघून गेली, बरीच थांबली. ‘पाशा बल्कर’ हे २२५ मीटरचं रिकामं जहाज थांबलेल्यांपैकी होतं. पोटात वादळाला पुरेसं पाणी भरलेलं नव्हतं, त्यामुळे ते पाण्यावर उंच आणि वाऱ्याला उघडं होतं. ८ जूनला सकाळी नांगर सरकू लागला, तो उचलून निघेपर्यंत उशीर झाला आणि जहाज शहराच्या पुळणीवर चढलं. खलाशांना हेलिकॉप्टरने उचललं, सगळे वाचले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात आपल्याकडे मात्र सगळे वाचले नाहीत. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात अनेक नांगरांवर उभी असलेली ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज नांगर तुटून वाहत गेली, एका तेलफलाटावर आदळली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. बार्ज आणि त्याच वादळात बुडालेली ‘वरप्रदा’ ही टग (जहाजं ओढणारी बोट) मिळून ऐंशीहून अधिक जण गेले. इशारा मिळाल्यावर किती आधी निघायचं, हा निर्णय नांगराच्या आकाराहून मोठा असतो.

साखळीचा एक धोका मात्र वादळाशी संबंधित नाही. उचललेली साखळी जहाजाच्या नाकात, ‘चेन लॉकर’ नावाच्या बंद खोलीत जाऊन पडते, ओली आणि खारट. तिथे ती गंजते, आणि गंजणं म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घेणं. झाकण बंद राहिलं की आतल्या हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कमी होत जातो. वास येत नाही, धूर दिसत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये उत्तर समुद्रात ‘व्हायकिंग आयले’ या जहाजाच्या चेन लॉकरमध्ये खडखडणारी साखळी बांधायला उतरलेला खलाशी कोसळला, त्याला काढायला गेलेला दुसरा कोसळला, मग तिसरा. तिघेही गेले. म्हणून आत उतरण्याआधी हवा खेळवायची, ऑक्सिजन मीटर वर, मधे आणि तळाशी लावून मोजायचं, लेखी परवानगी घ्यायची आणि बाहेर एक माणूस उभा ठेवायचा. आतला पडला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय या माणसाने खाली उडी मारायची नाही.