घर सासऱ्याचं, मूल कुणाकडे?

मुलाच्या ताब्याचा मूळ कायदा 1890चा. 1956मध्ये हिंदू मुलांचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई असा क्रम लागला. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडे. बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते, हे स्पष्ट व्हायला 1999 उजाडलं. कोकणातला गुंता सुरू होतो तो पुढे, 26 ऑक्टोबर 2006ला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाल्यावर.

नवरा मुंबईला, बायको-मुलं गावी सासू-सासऱ्यांजवळ, ही इथली जुनी रीत. कायद्याने सुनेला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि दोन महिने होत नाहीत तोच सर्वोच्च न्यायालयाने तो आखडला. घर नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो ज्याचा सदस्य आहे त्या एकत्र कुटुंबाचं हवं; सासूच्या स्वतःच्या घरावर हक्क नाही. खटला दिल्लीचा होता. वाडीतल्या घराला हे माप लावायचं कसं? जोतं आजोबांचं, चिरे सासऱ्याच्या गिरणीतल्या फंडातून, स्लॅब नवऱ्याच्या पैशाचा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8वर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, नाव एकट्या सासऱ्याचं. मार खाऊन आलेल्या बाईने आधी घर वडिलोपार्जित असल्याचे कागद जमवायचे, हा उफराटा न्याय जवळपास चौदा वर्षं चालला.

मुलाचा प्रश्न त्यातच अडकतो. हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम 21खाली दंडाधिकारी आईला तात्पुरता ताबा देऊ शकतात. पण तिलाच छप्पर नसेल तर 'मूल ठेवणार कुठे?' हा समोरच्या वकिलाचा पहिला सवाल. शिवाय 1890च्या कायद्याखालचा दावा मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. मे महिन्यात 'आठ दिवसांसाठी' मुंबईला नेलेलं मूल जूनमध्ये तिकडच्या शाळेत बसलं, की दावा रत्नागिरीत की मुंबईत यावरच तारखा पडत राहतात. हिंसाचाराचा अर्ज निदान माहेरच्या तालुक्यातून करता येतो.

ऑक्टोबर 2020मध्ये तीन न्यायमूर्तींनी जुना निकाल चुकीचा ठरवला: घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथे नांदली असेल तर राहू शकते. मालकी मिळत नाही आणि म्हाताऱ्यांच्या शांततेचाही विचार होतो. 2022च्या निकालाने तर ती तिथे प्रत्यक्ष राहिलेली असण्याची अटही काढली. लग्नानंतर थेट मुंबईच्या खोलीत गेलेल्या सुनांना हा निकाल उपयोगी. ऑगस्ट 2025पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच.