लिबर्टीच्या फुलाफुलांच्या कापडामागची गोष्ट

लिबर्टी प्रिंट म्हटलं की बारीक फुलांचं, अगदी इंग्लिश वाटणारं कापड आठवतं, पण लंडनचं लिबर्टी हे दुकान उभं राहिलं ते आपल्याकडच्या आणि जपानच्या मालावर.

आर्थर लेझेन्बी लिबर्टी १८६२ पासून रीजंट स्ट्रीटवरच्या फार्मर अँड रॉजर्स या शालींच्या दुकानात नोकरीला होता आणि तिथला पूर्वेकडच्या वस्तूंचा विभाग सांभाळायचा. भागीदारी मागितली, मालकांनी दिली नाही, मग होणाऱ्या सासऱ्यांकडून २,००० पौंड उसने घेऊन १८७५ मध्ये त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं आणि त्याला नाव दिलं ईस्ट इंडिया हाऊस, म्हणजे बघा!

खरा खेळ रेशमाचा होता. भारतातून न रंगवलेलं रेशीम यायचं आणि ते इंग्लंडमधल्या लीक गावचा थॉमस वॉर्डल रंगवायचा. हा वॉर्डल म्हणजे टसरच्या मागेच लागलेला माणूस, कारण टसरवर रंग नीट चढत नाही आणि त्याने ते जमवून दाखवलं (टसर म्हणजे जंगली रेशीम, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे होतं तेच). त्यातून निघालेल्या फिक्या, मातकट छटांना लोक लिबर्टी कलर्स म्हणायला लागले, तेव्हाच्या भडक केमिकल रंगांना कंटाळलेल्यांना हे फारच आवडलं.

या सगळ्यात एक लाजिरवाणा प्रकारही झाला. १८८५ च्या हिवाळ्यात लिबर्टीने भारतातून ४० च्या वर कारागीर वगैरे लोक आणून लंडनच्या बॅटरसी भागात चक्क भारतीय खेडं मांडलं, लोकांनी तिकीट काढून बघायला यावं म्हणून. थंडीने त्या बिचाऱ्यांचे हाल झाले आणि धंदाही बुडाला. दुकानाच्या कौतुकाच्या गोष्टींत हे फारसं कोणी सांगत नाही.

१८८३ मध्ये लिओनार्ड वायबर्डच्या हाताखाली फर्निशिंगचा विभाग निघाला, म्हणजे पडदे, फर्निचर, सगळं घरच एका दुकानातून सजवायचं. मोरपिसांचं प्रसिद्ध हेरा डिझाइन आर्थर सिल्व्हरच्या स्टुडिओचं, १८८७ चं, पण गिऱ्हाइकाला डिझायनरचं नाव कळायचं नाही, सगळं लिबर्टीच्याच नावावर खपायचं, हे मला तरी पटत नाही. छपाई मर्टन ॲबीला वँडल नदीकाठी लाकडी ठशांनी व्हायची आणि १९०४ मध्ये तो छापखानाच दुकानाने घेतला.

दुकानाची १९२४ ची लाकडी, ट्यूडर म्हणजे जुन्या इंग्लिश धाटणीची इमारत दोन जुन्या युद्धनौकांच्या लाकडातून झाली, त्यातल्या एकीचं नाव हिंदुस्तान.

बारीक फुलांचं टाना लॉन (लॉन म्हणजे तलम सुती कापड) मात्र त्यानंतरचं. त्याचं नाव इथिओपियातल्या टाना तलावावरून, मूळ कापूस तिकडचा. सुती असून हाताला रेशमासारखं लागतं, शिवाय घरी धुता येतं, त्यामुळे हळूहळू रेशीम मागे पडलं आणि दुकान या लॉनवरच ओळखलं जायला लागलं.