अल्फा-गुच्छांची कल्पना टकरींनी कशी तगवली

किरणोत्सारी केंद्रकातून अल्फा कण अख्खाच बाहेर पडतो. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, बंधनऊर्जा, म्हणजे हे चार कण सुटे करायला लागणारी ऊर्जा, तब्बल २८.३ एमईव्ही (केंद्रकीय ऊर्जेचे एकक). इतके घट्ट चौकडे, म्हणजे अल्फांचे गुच्छ, केंद्रकात आधीपासूनच तयार असतील का, ही शंका त्यामुळे फार लवकर आली.

१९३८ साली भौतिकशास्त्रज्ञ हाफस्टॅड आणि टेलर यांनी या कल्पनेचा हिशेब मांडला. कार्बन-१२ म्हणजे तीन अल्फांचा त्रिकोण, तर शेजारी अल्फांमधले जोड तीन. ऑक्सिजन-१६ म्हणजे चार अल्फांचा चतुष्फलक, तर जोड सहा. आजचे आकडे घालून बघा: कार्बनचे तीन अल्फा सुटे करायला ७.२७ एमईव्ही लागतात, ऑक्सिजनचे चार सुटे करायला १४.४४. दोन्हीकडे जोडामागे २.४! मोह पडावा असाच हा मेळ आहे. पण दोन अल्फांचे बेरिलियम-८ तिथे अडते. एक जोड असूनही ते टिकतच नाही. १९४९ मध्ये मायर आणि येन्सेन यांचे कवच प्रतिमान (प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटेसुटे, आपापल्या कवचांत फिरतात असे चित्र) आले आणि गुच्छांची कल्पना मागे पडली.

१९५३ मध्ये, ताऱ्यांत कार्बन कसा बनतो हे समजावण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ हॉइलने भाकीत केलेली कार्बन केंद्रकाची ७.६५ एमईव्हीची ऊर्जापातळी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत सापडली. ती तीन अल्फा सुटे होण्याच्या उंबरठ्याच्या, म्हणजे वरच्या ७.२७ एमईव्हीच्या, जरा वर आहे.

माझ्या मते खरे वळण मात्र १९६० चे. कॅनडात चॉक रिव्हर येथे ब्रॉमली, क्यूनर आणि आल्मक्विस्ट यांनी कार्बनवर कार्बन आदळवले. ऊर्जा वाढवत नेली की अभिक्रियांचे प्रमाण संथपणे चढेल असे वाटत होते. प्रत्यक्षात ६ एमईव्हीच्या आसपास अरुंद शिखरे उमटली. शिखर अरुंद म्हणजे त्या अवस्थेचे आयुष्य लांब. दोन केंद्रके नुसती घासून जायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ एकमेकांना धरून फिरत होती, जणू केंद्रकांचा रेणूच. इकेदा आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये याला नियमाचे रूप दिले: केंद्रक फुटून गुच्छ सुटे होण्याइतकी ऊर्जा जिथे मिळते, तिथेच गुच्छरचना उठून दिसते.

पुढे ब्रोनिओव्स्की आणि रुइझ अरिओला यांनी २०१४ मध्ये सुचवले की अतिउच्च ऊर्जेच्या टकरीत केंद्रकाचा क्षणिक आकार बाहेर उडणाऱ्या कणांच्या दिशांत उमटेल. जुलै २०२५ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या महाकाय कणत्वरकात ऑक्सिजन-ऑक्सिजन आणि निऑन-निऑन टकरी झाल्या. निऑन-२० लांबट आहे, या चित्राशी मोजमापे जुळतात. मात्र लांबट आकार गुच्छांशिवायही येऊ शकतो, म्हणून त्यातून अल्फांचा ठसा वेगळा काढणे हे काम अजून बाकी आहे.