जनुक बदललं, पण हवेचं काय?

'जिवाणू आता खनिज तेलाला रजा देणार' अशा थाटाची बातमी अधूनमधून झळकतेच. बातमीत जनुक असतं, काचेची बाटली असते. कारखान्यात हे जिवाणू ज्यात वाढवून माल काढतात, ती टाकी क्वचितच दिसते. माल परवडणार की नाही, याचा निकाल मात्र बहुधा टाकीतच लागतो.

सायट्रिक आम्लाचंच बघा. शंभरेक वर्षांपूर्वी ते लिंबांतून काढत आणि बाजार इटलीच्या मुठीत होता. अस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून ते भरपूर बनवते, हे रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी 1917 साली दाखवलं. 1919 मध्ये फायझर या अमेरिकी कंपनीने उत्पादन सुरू केलं. आज जगातलं बहुतेक सायट्रिक आम्ल या बुरशीचंच. (लिंबातला रेणू आणि बुरशीचा रेणू यांत तसूभरही फरक नाही. 'नैसर्गिक' असं ठळक छापून जादा पैसे घेणाऱ्यांना हे कोण सांगणार!)

सुरुवातीला ही बुरशी उथळ ट्रेमध्ये साखरपाण्यावर सायीसारखी धरत असे. हवा वरून आयती मिळायची. पण उत्पादन वाढवायचं तर ट्रे, जागा, मजूर सगळंच वाढणार. म्हणून तिला खोल टाकीत बुडवलं, आणि तिथे ऑक्सिजन आडवा आला.

साखर पाण्यात लिटरमागे शेकडो ग्रॅम विरघळते. ऑक्सिजन? 30 अंश सेल्सिअसला, साध्या हवेखाली, जेमतेम 7.5 मिलिग्रॅम. जिवाणूंची दाट वाढ मात्र तासाला लिटरमागे 3 ग्रॅम ऑक्सिजनसुद्धा ओढते. म्हणजे हवा थांबली की साठा 10 सेकंदांच्या आत फस्त. गुदमरलेला ई. कोलाय (हा अशा कामांतला नेहमीचा जिवाणू) लगेच मरत नाही, वाट बदलतो: साखर अर्धवट जाळून ॲसिटिक आम्ल वगैरे बाहेर टाकतो. साखर वाया, वर टाकीही नासली.

म्हणून तळातून दाबाने हवा सोडतात आणि पाती फिरवून बुडबुडे फोडतात. तेवढ्याच हवेचे बुडबुडे निम्म्या व्यासाचे केले की पाण्याशी स्पर्शाचं क्षेत्र दुप्पट होतं. ऑक्सिजन किती वेगाने आत जाईल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: एक, पाण्यात अजून किती मावू शकतो, दुसरी, 'केएलए' नावाचा गुणांक, ज्यात हे क्षेत्र येतं. पहिली गोष्ट साध्या हवेवर 7.5 मिलिग्रॅमच्या पुढे जातच नाही, त्यामुळे सगळा भार केएलएवर. तो वाढवायला पाती जोरात फिरवावीत, तर वीजबिल चढतं, फेस येतो, बुरशीचे तंतू तुटतात. शिवाय वापरलेल्या दर ग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे 14 किलोज्यूल उष्णता निघते. तासाला लिटरमागे 3 ग्रॅम ऑक्सिजन या हिशेबाने लाख लिटरच्या टाकीत ती 1 मेगावॉटच्या पुढे जाते. टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आकारमान आठपट होतं, थंड करायला भिंत मात्र चौपटच. बाटलीत जमलेलं कारखान्यात फसतं ते बरेचदा इथेच.

पण ही विद्या एकदा साधली की एका मालापुरती उरत नाही. खोल टाकीच्या याच अनुभवावर फायझरने 1944 मध्ये पेनिसिलिनचा मोठा कारखाना चालू केला. पर्यावरणाचा हिशेबही याच टाकीशी मांडायला हवा: हवा दाबणारा कॉम्प्रेसर कोळशाच्या विजेवर चालत असेल, तर 'हरित' हे लेबल लावण्याआधी गणित पुन्हा करावं.

इथेनॉल स्वस्त पडतं त्यात एक वाटा याचाही आहे की, ते बनवताना यीस्टला हवेचा असा सतत मारा लागत नाही. चीनमध्ये 2018 पासून पोलाद कारखान्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जिवाणूंना खाऊ घालूनही इथेनॉल बनवलं जातं. त्या जिवाणूंना ऑक्सिजन नकोच असतो. मात्र कार्बन मोनॉक्साइडही पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे बुडबुडे बारीक करण्याची कटकट तिथेही आहेच.