गोळ्यांच्या फटीतून पडणारी चांदी

प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ना, ती बऱ्याच किटमध्ये सोन्याच्या कणांची असते. लोकांना पटत नाही, कारण सोनं पिवळंच असतं ही आपली पक्की समजूत. पण कण काही दशक नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतका बारीक झाला की प्रकाश पडल्यावर त्यातले इलेक्ट्रॉन एकदम इकडून तिकडे हेलकावे खातात आणि ज्या रंगाशी ते जुळतात तो रंग कण शोषून घेतो. सोन्याचे गोल कण हिरवा खातात, म्हणून लाल दिसतात. याला प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात.

कुठला रंग खाल्ला जाणार हे धातू, आकार आणि कणाला काय चिकटलंय यावर ठरतं. पट्टीत सोनं नुसता रंग म्हणून असतं, पण ऑप्टिकल सेन्सरमध्ये हे चिकटणंच मोजतात. प्रोटीनचा पातळ थर बसला तरी रेझोनन्स लाल बाजूला सरकतो आणि स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे कुठला रंग किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्राला, ते दिसतं.

आता असे कण काचेवर ओळीत बनवायचे कसे? इलेक्ट्रॉन बीमने एकेक कोरता येतो, पण ते महाग आणि भयंकर हळू. मला वेड लावलंय ते नॅनोस्फिअर लिथोग्राफीने. आयडिया त्याआधीची, पण अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या ग्रुपने 1990च्या दशकात ती नीट बसवली. समजा 400 नॅनोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे गोळे पाण्यात आहेत, त्याचा थेंब स्वच्छ काचेवर टाकायचा, पाणी सुकताना गोळ्यांना एकमेकांकडे ओढतं आणि कॅरममध्ये क्वीनभोवती सहा सोंगट्या लावतो तसे ते आपोआप लागतात. दर तीन गोळ्यांमध्ये एक तिकोनी फट राहते. मग व्हॅक्यूममध्ये चांदी तापवायची, वाफ सरळ रेषेत येते, फटीतून काचेवर बसते, नंतर सॉल्व्हंटमध्ये गोळे धुऊन टाकले की साधारण 90 नॅनोमीटरचे चांदीचे त्रिकोण उरतात, लाखोंनी, एकाच वेळी! गोळा बदला, त्रिकोण बदलतो, रंग बदलतो. टोकांपाशी विद्युतक्षेत्र सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथे बसलेला रेणू सगळ्यात जास्त जाणवतो.

एक सांगायलाच हवं, ‘नॅनो सिल्व्हर’ नावाने पिण्याचं जे पाणी इम्युनिटी वाढवतं म्हणून विकतात त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. अशी चांदी पीत राहिलं तर कातडी कायमची निळी-करडी पडू शकते, आर्जिरिया म्हणतात त्याला, ते पिऊ नका.

पद्धतीत खोटही आहे. गोळे सगळ्या काचेवर सलग लागत नाहीत, मध्ये मध्ये रचना तुटते, पण स्पेक्ट्रोमीटर असंख्य त्रिकोणांची सरासरी घेतो म्हणून चालून जातं. खरी कटकट म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सोनं टिकतं, पण त्याचा रेझोनन्स चांदीइतका धारदार येत नाही, त्यामुळे किती बारीक बदल पकडायचाय आणि त्रिकोणांची ही काच किती दिवस टिकवायचीय, त्यावर धातू ठरतो.