मॅनेजमेंट सर्व्हर आणि अपडेट सर्व्हर: मशीन एक, कामं दोन

‘सर्व्हर तर चालू आहे, मग अँटीव्हायरस अपडेट का होत नाही?’ सांगली-मिरजेकडच्या पतसंस्थांत आणि साखर कारखान्यांच्या ऑफिसांत हा प्रश्न हमखास येतो. गंमत अशी की विचारणाऱ्याने ‘सर्व्हर’ म्हणजे कोणता हे ठरवलेलंच नसतं. अँटीव्हायरसचा सेंट्रल सेटअप लावताना बहुतेक वेळा एकाच मशीनवर दोन गोष्टी बसवल्या जातात. मॅनेजमेंट सर्व्हर पीसींना पॉलिसी (सेटिंगचे नियम) देतो, स्कॅनचं टास्क पाठवतो, कोण हजर आणि कुणाकडे काय सापडलं याची नोंद ठेवतो. अपडेट सर्व्हर, म्हणजे मिरर, व्हायरस डेफिनिशनच्या, म्हणजे नवे व्हायरस ओळखण्याच्या, फायली इंटरनेटवरून एकदाच उतरवतो आणि लॅनवर वाटतो. कंपनीगणिक याला अपडेट एजंट, डिस्ट्रिब्यूशन पॉइंट, कॅशे प्रॉक्सी अशी नावं आहेत, त्यामुळे गोंधळात भरच.

कारखान्याच्याच भाषेत सांगायचं तर शेतकी ऑफिस तोडीचा प्रोग्राम लावतं आणि आवारातला पंप गाड्यांत डिझेल भरतो. पंप बंद पडला तर गाड्या बाहेरच्या पंपावर जातील. शेतकी ऑफिसला कुलूप लागलं तर डिझेल भरलेली गाडीसुद्धा कुठल्या फडावर जायचं हे कुणाला विचारणार?

मॅनेजमेंट सर्व्हरचा कन्सोल, म्हणजे त्याचं नियंत्रणाचं पान, उघडल्यावर हा फरक दोन रकान्यांत दिसतो: पीसीचा शेवटचा संपर्क कधी झाला आणि डेफिनिशन कोणत्या तारखेची आहे. संपर्क आजचा आणि डेफिनिशन पंधरा दिवसांपूर्वीची असेल तर मॅनेजमेंटला दोष देऊ नका. मिररची डिस्क भरली आहे का, त्याला इंटरनेट मिळतंय का, पॉलिसीत मिररचा पत्ता बरोबर आहे का, हे पाहा. उलट, पीसीवर जाऊन पाहिलं तर डेफिनिशन आजची, पण कन्सोलवर तोच पीसी आठवडाभर लाल दिसतोय, असंही होतं. तो पीसी सुरक्षित आहे, फक्त त्याचा एजंट, म्हणजे मॅनेजमेंट सर्व्हरशी बोलणारा पीसीवरचा छोटा प्रोग्राम, सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही रकाने जुने असतील तर बहुधा पीसीच बंद आहे, किंवा तो कपाटात गेला आणि यादीतून काढायचा राहिला.

दोघांचे पोर्टही (नेटवर्कवर ये-जा करायच्या दारांचे नंबर) वेगळे. ईसेट या अँटीव्हायरसचा एजंट मूळ सेटिंगमध्ये २२२२ वर सर्व्हरला गाठतो आणि मिरर २२२१ वर फायली देतो. कॅस्परस्कीचा एजंट १३००० वापरतो. फायरवॉलमध्ये एक उघडून दुसरा विसरला की वर सांगितलेला अर्धा हिरवा, अर्धा लाल प्रकार घडतो. नियमित संपर्काची सुरुवात एजंट करतो, म्हणून शाखेच्या राउटरवर आतल्या दिशेने पोर्ट उघडण्याची गरज नसते. ते काम फक्त मुख्य कार्यालयात.

आता शाखांचं. मुख्य कार्यालय सांगलीत विश्रामबागला, शाखा विटा, तासगाव, जत इथे, असं धरू. एजंटची ये-जा अगदी थोड्या डेटाची असते, जतची लाइन मंद असली तरी चालते. शंभरेक पीसींच्या आत असाल तर एजंटने दर मिनिटाला हाक मारली तरी बिघडत नाही; संख्या शेकड्यांत गेली की दहा-वीस मिनिटांवर न्यावं. डेफिनिशनच्या फायली मात्र जड. शाखेतल्या दहा पीसींनी प्रत्येकी विश्रामबागहून उतरवल्या तर सकाळी दहा वाजता काउंटरवरचं सॉफ्टवेअर रडायला लागतं आणि शिव्या आयटीवाल्याला बसतात. म्हणून मॅनेजमेंट सर्व्हर एकच ठेवा आणि अपडेट वाटणारे प्रत्येक शाखेत एक. माझं मत विचाराल तर इंटरनेट असलेल्या शाखेत पूर्ण मिरर नकोच, कॅशे प्रॉक्सी पुरे. ती मागितलेल्याच फायली साठवते. पूर्ण मिरर लागतो तो इंटरनेट न दिलेल्या मशीनना, उदाहरणार्थ कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पीसीला. त्या पीसीसाठी मॅनेजमेंटमध्ये वेगळा ग्रुपही करा, कारण गाळप चालू असताना तो आपणहून रीस्टार्ट झाला तर उसाच्या गाड्यांची रांग थेट रस्त्यावर येते.

वसुलीसाठी फिरणारे लॅपटॉप मिररच्या टप्प्याबाहेर जातात. त्यांच्या पॉलिसीत दुसरा स्रोत म्हणून कंपनीचा इंटरनेटवरचा अपडेट सर्व्हर लिहून ठेवा.

विंडोजचे पॅच देणारा डब्ल्यूएसयूएस हा या दोघांपेक्षा वेगळा, तिसराच. डेफिनिशन ताजी म्हणजे विंडोज ताजं असं नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे रोजी पसरला, त्यातल्या भगदाडाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता.

दोघांची राखणही सारखी करून चालत नाही. मिररवर कुणी फायलींत ढवळाढवळ केलीच तरी डेफिनिशनवर कंपनीची डिजिटल सही असते, ती जुळली नाही की पीसी फाइल नाकारतो. मॅनेजमेंट सर्व्हरचा हुकूम मात्र पीसी निमूट पाळतात. कन्सोल ज्याच्या हाती, तो सगळ्या शाखांचं संरक्षण एका क्लिकवर बंद करू शकतो. २ जुलै २०२१ ला कासेया व्हीएसए या रिमोट मॅनेजमेंटच्या सर्व्हरमधून रेव्हिल टोळीने रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पाठवलं आणि जगभरात पंधराशेपर्यंत व्यवसाय सापडले. तेव्हा कन्सोलचं वेब पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन, आणि लॉगिनला ओटीपी.

मॅनेजमेंट सर्व्हरला स्वतःचा डेटाबेस असतो. तो मोफत एस्क्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर असेल तर २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नव्या नोंदी पडत नाहीत, तरी पीसींचं अपडेट मिररवरून सुरळीत चालू राहतं. म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. तेव्हा जुने लॉग सरसकट पुसण्याऐवजी बाहेर काढून साठवा.

आणि पत्ता. एजंटच्या इन्स्टॉलरमध्ये सर्व्हरचा पत्ता कोरलेला असतो. तिथे आयपी न लिहिता डीएनएसमधलं (आयपीशी जोडून ठेवलेलं) नाव लिहा. उद्या इंटरनेटवाला बदलला, राउटर बदलला, आयपी बदलला, तरी नाव तेच राहतं. नावही बदलायचंच असेल तर नव्या पत्त्याची पॉलिसी जुन्या सर्व्हरवरूनच पाठवावी लागते, आणि शेवटचा एजंट ती घेईपर्यंत जुना सर्व्हर जिवंत ठेवावा लागतो. मिररच्या बाबतीत यातलं काहीच नाही, पॉलिसीतली एक ओळ बदलली की झालं.

सांगलीत हे सगळं सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे इथपर्यंत येतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गणपती पेठ, हरभट रोड पाण्याखाली होते. अशा पुरात मिरर गेला तर नव्या मशीनवर रात्रभरात पुन्हा उभा राहतो, त्याचा बॅकअप घेण्याच्या भानगडीत पडू नका. मॅनेजमेंट सर्व्हर बॅकअपशिवाय गेला तर पीसींवरचे एजंट नव्या सर्व्हरला ओळखत नाहीत, कारण सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र, जुळत नाही. मग विट्यापासून जतपर्यंत प्रत्येक पीसीवर एजंट नव्याने टाकत फिरा. डेटाबेस, सर्व्हरचं सर्टिफिकेट, ते सर्टिफिकेट देणाऱ्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीची खाजगी की आणि तिचा पासवर्ड, एवढ्या चार गोष्टी मुख्य कार्यालयाबाहेर ठेवा. विटा शाखा त्याला उत्तम, तिथे अडचण पाणी नसण्याची असते. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, त्या बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर सर्व्हर उभा करा, जुना बंद ठेवा आणि एखाद्या पीसीचा शेवटचा संपर्क आजच्या तारखेवर येतो का पाहा.