जाळरेषा म्हणजे जंगल जाळणं नव्हे

जानेवारी लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाच्या उतारावर धुराची रेघ आणि खाली "वनखातंच जंगल जाळतंय!!!" फोटो दरवर्षी नवा, उद्गारचिन्हं तीच. मग एप्रिलमध्ये खरोखरीचा वणवा लागतो आणि मेलबर्नला मुलाकडे राहून आलेले एक काका त्याच ग्रुपवर लिहितात, "तिकडे सरकार स्वतःच जंगल जाळून ठेवतं. आपल्याकडे कधी अक्कल येणार?" जानेवारीत जाळलं म्हणून शिव्या, एप्रिलमध्ये जाळलं नव्हतं म्हणून शिव्या. अंगठे दोन्ही मेसेजना मिळतात, बहुतेक त्याच लोकांचे.

दोन्ही वेळा गोंधळ एकच आहे. जाळरेषा आणि नियोजित जाळणं या दोन गोष्टींत काडी सरकारी असते, म्हणून त्या एकच आहेत असं लोक धरून चालतात.

वणवा म्हणजे काय ते ठाणेकराला सांगायला नको. रात्री घोडबंदर रोडवरून जाताना डोंगरावर सरकणारी ती केशरी कड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. खारघरच्या टेकड्यांखाली राहणाऱ्यांनी तर खिडकीतल्या राखेवरून फडकाही फिरवला आहे. तेव्हा थेट जाळरेषा आणि नियोजित जाळणं या दोन गोष्टींकडे जाऊ.

जाळरेषा म्हणजे पट्टा. जंगलाच्या कडेनं, रस्त्यालगत, पाड्याच्या बाजूनं किंवा जंगलाच्या दोन कक्षांच्या (वनखात्यानं पाडलेल्या भागांच्या) मधून जाणारा, कुठे सहा मीटर तर कुठे बारा मीटर रुंद. पट्ट्यावरचं गवत कापून वाळू देतात आणि आजूबाजूचं गवत अजून थोडं ओलसर असतानाच, वारा पडल्यावर, माणसं दुतर्फा उभी करून ते जाळतात. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्यामुळे हे काम त्याआधी उरकावं लागतं. पट्ट्यापलीकडचं जंगल जसंच्या तसं राहतं.

नियोजित जाळण्यात जंगलाचा आख्खा तुकडाच जाळतात. हवामान बघून, आराखडा करून, मुद्दाम मंद आगीनं खालचा पाचोळा, काटक्या आणि झुडपं संपवायची, म्हणजे पुढची काही वर्षं तिथे मोठ्या आगीला खायला काही उरत नाही.

हंगाम वेगळा, रुंदी वेगळी, यंत्रं वेगळी हे फरक आहेत, पण त्यांनी कुणाचं अडत नाही. वणवा चालू असताना समोरून जी आग लावतात ते काउंटर फायर. ते तिसरंच प्रकरण आहे, त्याला यात ओढू नका. आणि सोसायटीचा माळी कंपाउंडला लागून पाला पेटवतो ती आग यातल्या कशातच बसत नाही. ती नुसती खोड आहे, आणि घाण खोड आहे.

अडतं ते इथे: जाळरेषेचं काम माणसावर अवलंबून असतं, नियोजित जाळण्याचं काम जंगलाच्या स्वभावावर.

आमचं गाव मुरबाडकडचं. तिथे उन्हाळ्यात राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाला, गवत यांचे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं. माझे चुलते काडी लावण्याआधी राबाभोवती चारही बाजूंनी हातभर रुंद पट्टी कुदळीनं ओरबाडून घ्यायचे, गवताची काडी ठेवायचे नाहीत. मग वारा जिकडे वाहतोय त्या टोकाला पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकते. आणि ओलं गोणपाट घेऊन स्वतः त्या पट्टीवर उभे राहायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "पट्टी काढलीय ना, मग उभं कशाला राहायचं?" ते म्हणाले, "पट्टी काय विझवायला येणाराय? पट्टी मला उभं राहायला."

ती ओरबाडलेली पट्टी म्हणजे जाळरेषा. आतला राब म्हणजे नियोजित जाळणं: तिथे आग हेच औषध, तणाचं बी मरावं आणि जमीन भाजून निघावी म्हणून दिलेलं. पट्टीत आग वापरली काय आणि कुदळ वापरली काय, फरक पडत नाही. तिथे हवी असते ती फक्त मोकळी जागा.

म्हणून "जाळरेषा होती तरी वणवा आत गेलाच ना?" या प्रश्नाचा मला वैताग येतो. जाळरेषा ही भिंत नव्हे. जानेवारीत लख्ख केलेल्या रेषेवर मार्चमध्ये जाऊन बघा. साग, ऐन, पळस पानं गाळत असतात. सागाचं एकेक पान ताटाएवढं, वाळून पापडासारखं झालेलं, आणि ते नेमकं त्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन पडतं. पंधरा दिवसांत रेषा पुन्हा पेटण्याजोगी होते. ती परत परत झाडावी लागते, दाताळ्यानं किंवा हल्ली पाठीवरच्या ब्लोअरनं. आणि वणवा तिच्यापर्यंत पोचेल तेव्हा हिरव्या टहाळ्या घेऊन झोडपायला तिथे चार माणसं लागतात. हंगामी आगपहारेकऱ्यांची मजुरी वेळेवर न देणारं सरकार नकाशावर कितीही किलोमीटर जाळरेषा दाखवो, ती रेषा नकाशावरच राहते. मला विचाराल तर वणव्याची तयारी मोजायची तर किलोमीटरमध्ये नाही, मार्च-एप्रिलमध्ये ती रेषा किती वेळा झाडली यात मोजावी.

आता मेलबर्नवाले काका. तिकडे जाळतात हे खरं आहे, पण का जाळतात?

तिथलं जंगल निलगिरीचं. पानात तेल, आणि कित्येक जातींच्या सालीचे लांब सुटे पापुद्रे. मोठ्या आगीत हे पापुद्रे पेटत्या अवस्थेत वाऱ्यावर उडतात आणि कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात. अशा आगीपुढे बारा मीटरचा पट्टा काय करणार? माणसं उभी करायची म्हटलं तर ती मरतील. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात एका दिवसात लागलेल्या आगींत १७३ माणसं गेली. नंतरच्या चौकशी आयोगानं दरवर्षी किमान ५ टक्के सरकारी जमीन नियोजनपूर्वक जाळा अशी शिफारस केली. तीही पुरती लागू पडली नाही. टक्केवारी गाठायची म्हटल्यावर जाळायला सोपी अशी, वस्तीपासून लांबची जमीन जाळली जाण्याचा मोह होतो. शेवटी ते लक्ष्य सोडून २०१६ पासून तिथे गावांचा धोका किती कमी झाला हे मोजायला लागले.

आपल्याकडची आग बहुतेक जमिनीवरून चालते. पाचोळ्यात गुडघ्याएवढी, वाळल्या गवतात डोक्याएवढी, पण शेंड्याशेंड्यांवरून झेपावत जाणारी क्वचितच. म्हणजे झाडलेली रेषा आणि शुद्धीवर असलेली चार माणसं इथे खरोखर उपयोगी पडतात.

आपल्याकडे तुकडे जाळू नयेत याचं दुसरं कारण पावसाचं. "पाचोळा साठत गेला की एक दिवस भडका उडेल" हे वाक्य अमेरिकेच्या पश्चिम भागातून आलेलं आहे. तिथे १९३५ पासून सरकारचं धोरण होतं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. कोरडी हवा, पाचोळा कुजत नाही, तो दशकानुदशकं साठला आणि आता तेच अंगाशी येतंय. येऊरला दरवर्षी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात पडलेला पाला पावसाळाभर कुजतो, वाळवी लागते, दसऱ्यापर्यंत बहुतेक त्याची माती झालेली असते. साठणार काय? इथे जो मरतो तो वीतभर उंचीचा ऐन, हेदू, बिवळा. वर्षाआड जाळत राहिलात तर रोपं संपतात आणि गवत माजतं, आणि गवतच सगळ्यात आधी पेटतं. खारघरच्या उघड्या टेकड्यांकडे बघा. त्यांना जाळण्याची टंचाई कधीच नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला हलक्या आगी लावत. ते बंद झाल्यापासून घाणेरीनं जंगल गिळलं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. पण ते लावत होते ते त्या जंगलाची पिढ्यान्‌पिढ्या ओळख असलेले लोक. ग्रुपवरचे आपण नव्हे.

शिवाय नियोजित आग नियोजनात राहतेच असं नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एप्रिल २०२२ मध्ये वनसेवेनं लावलेली आग वाऱ्यानं हातची गेली. त्याच सुमारास शेजारी एक दुसरी आग वर आली. जानेवारीत पेटवलेला लाकडांचा ढीग बर्फाखाली तीन महिने धुमसत होता! दोन्ही मिळाल्या आणि सुमारे १ लाख ३८ हजार हेक्टर जळालं, त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. एवढी यंत्रणा हाताशी असताना ही गत. आपल्याकडे येऊरच्या कुशीत इमारती बसल्यात आणि मध्ये पाडे आहेत. इथे तुकडेच्या तुकडे पेटवायला माझा साफ विरोध आहे. रेषा मात्र हवी, आणि वेळेवर हवी.

गंमत म्हणजे उपग्रहालाही हा फरक कळत नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचा इशारा मोबाईलवर येतो तो उपग्रहानं टिपलेल्या उष्णतेवरून. एकेक ठिपका ३७५ मीटरचा. त्यात रेषा जळतेय की जंगल, हे जाऊनच बघावं लागतं. म्हणजे वनरक्षकाला कधी कधी आपणच लावलेल्या आगीचा इशारा येतो.

पण तुम्ही उपग्रह नाही, तुम्हाला गॅलरीतून दिसतं. जानेवारी असेल, धूर रेघेत असेल, रस्त्याच्या किंवा हद्दीच्या कडेनं असेल आणि शेजारी दाताळी घेतलेली माणसं दिसत असतील, तर ती जाळरेषा. फोटो काढा हवा तर, उद्गारचिन्हं नकोत. आग उतारावर वर चढत असेल, कड वाकडीतिकडी असेल आणि आसपास माणूस नसेल, तर ग्रुप उघडण्याआधी १९२६ लावा. तो वनखात्याचा नंबर आहे.